सुरमई सगळीकडे तीच, मग थाळी वेगळी कशी?

दिवाळीची सुट्टी लागली किंवा नाताळ जवळ आला, की किनाऱ्यावरच्या हॉटेलांच्या बिलांचे फोटो मोबाइलवर फिरायला लागतात. सोबत ठरलेले वाद. "मालवणात एवढे घेतले, त्यापेक्षा गोवा बरा." "अलिबागला मालवणी थाळी म्हणून दिली, ती मालवणी नव्हतीच." "तिन्हीकडे सुरमई खाल्ली, चव एकच. मग एवढं पेट्रोल कशाला जाळायचं?"

यातली शेवटची तक्रार मला पटते. तळलेली सुरमई डहाणूपासून कारवारपर्यंत जवळपास सारखीच लागते. गिऱ्हाईक तीच मागतं, म्हणून हॉटेलवाला तीच ठेवतो. तासा-दोन तासांच्या प्रवासात बदलतं ते ताटातलं बाकीचं: कालवण, त्याला आंबटपणा कशानं आणलाय ते, भात कुठला, भाकरी की वडे, आणि मेन्यूकार्डावर ज्यांची नावं सहसा नसतात ते लहान मासे. त्यामुळे सुरमईच्या तुकडीवरून दोन गावांची तुलना करायला गेलं तर हाती फक्त बिलाचा आकडा लागतो.

हे बाकीचं का बदलतं आणि बिलाचा त्याच्याशी काय संबंध, ते क्रमानं बघू.

उत्तरेला बोंबील, दक्षिणेला बांगडा

सुरुवात समुद्राच्या तळापासून. किनाऱ्यापासून आत जाताना समुद्राचा तळ एकदम खोल होत नाही. आधी बराच लांब उथळ पट्टा असतो, त्याला भूगोलाच्या पुस्तकात समुद्रबूड जमीन म्हणतात. गुजरात-मुंबईसमोर हा पट्टा खूप रुंद आहे आणि दक्षिणेकडे तो अरुंद होत जातो. त्यात वरच्या बाजूला खंभातचं आखात नरसाळ्यासारखं चिंचोळं. त्यामुळे उत्तरेकडे भरती-ओहोटीचं पाणी जास्त चढतं आणि जास्त जोरानं ओढ घेतं. मुंबईत मोठ्या उधाणाला पाणी 5 मीटरच्या आसपास जातं, गोव्याकडे साधारण त्याच्या निम्म्यावर थांबतं.

याचा जेवणाशी संबंध डोल जाळ्यातून येतो. डोल म्हणजे मोठ्या पिशवीसारखं जाळं, समुद्रात खुंटांना बांधून ठेवायचं. ते कोणी ओढत नाही, भरती-ओहोटीची ओढच मासे आत आणते. म्हणजे ओढ हवीच. पालघर, मुंबई, रायगडच्या पट्ट्यात ती आहे आणि बोंबीलही याच गढूळ, जोरकस पाण्यातला. रत्नागिरीच्या खाली तो विरळ होत जातो. म्हणून अलिबाग-मुरूडकडच्या हॉटेलात ओले बोंबील सकाळचे मिळतात आणि वेंगुर्ल्यात मागितले तर बहुतेक वेळा बाहेरून आलेले असतात. बोंबलाच्या अंगात जवळजवळ 90 टक्के पाणीच असतं, प्रवासात तो टिकत नाही. तळण्याआधीसुद्धा चिरून, फळीखाली दाबून पाणी काढावं लागतं. हे दाबणं ज्यांनी घाईत उरकलं, त्यांच्याकडचा बोंबील तव्यावरून ताटात येईपर्यंत मऊ पडतो, वर कितीही रवा लावा.

खाली सिंधुदुर्गात पुळणी म्हणजे वाळूचे किनारे लांब आणि भरतीची ओढ कमी. तिथं रापण चालते: होडीनं जाळं अर्धगोल टाकून यायचं आणि दोन्ही टोकांना माणसं लावून ते किनाऱ्यावर ओढायचं. रापणीत येतात ते थव्यानं फिरणारे मासे, मुख्यतः बांगडे आणि पेडवे म्हणजे तारली. स्वस्त, तेलकट, चवीला जबर. मालवणी स्वयंपाकातल्या उत्तम गोष्टी या माशांसाठी बेतलेल्या आहेत, सुरमईसाठी नव्हेत.

आंबट कशाचं, ते विचारा

मासा कुठलाही असो, त्याला आंबट हवंच. वास मोडतो आणि तिखटाला धार येते. हे आंबट कुठून आणायचं, हे बाजारापेक्षा परसातल्या झाडांनी ठरवलेलं आहे.

रायगडच्या कोळी-आगरी घरांत चिंचेचा कोळ आणि लसूण यांना मान. खोबरं कमी किंवा नाहीच, घरचा लाल मसाला भरपूर. कालवण पातळ, झणझणीत, तांदळाच्या भाकरीबरोबर खायचं. कैरीच्या दिवसांत चिंच बाजूला ठेवून कैरीच्या फोडी पडतात.

दक्षिणेला गेलं की कोकम. एप्रिल-मेमध्ये रातांबे म्हणजे कोकमाची फळं पिकली, की साली काढून त्यांना त्यांच्याच खारवलेल्या रसाची पुटं देत उन्हात वाळवतात, ती आमसुलं किंवा सोलं. तो मिठाचा रस बाटलीत भरून ठेवला की आगळ. आमटीत सोलं, सोलकढीत आगळ. एका झाडानं आमटीचं आणि सोलकढीचं, दोन्ही आंबट पुरवलं. बागेत बिमली असेल तर ती, कैरी असेल तर ती.

गोव्यात पोहोचलात की हुमण, म्हणजे तिथलं नारळातलं माशाचं कालवण, आणि त्याच्या शेजारी आणखी एक आंबट: माडाच्या सुरेपासून केलेला व्हिनेगर. 1961 पर्यंत तिथं पोर्तुगीज होते. व्हिनेगरची सवय त्यांच्याबरोबर आली आणि ख्रिस्ती घरांच्या स्वयंपाकात मुरली. रेशाद मसाला भरलेला बांगडा खाल्लात तर हा आंबटपणा लगेच कळतो, तो कोकमापेक्षा तीक्ष्ण असतो. हिंदू सारस्वत घरांत मात्र सोलं आणि तिरफळंच.

तिरफळाबद्दल थोडं सविस्तर, कारण माझ्या मते या किनाऱ्याची खरी ओळख तेच आहे. मिरीएवढं फळ, वाळलं की उकलतं. आतली काळी बी टाकून द्यायची आणि फक्त साल वापरायची. बांगड्याचं तिखलं करताना बघा. ओल्या खोबऱ्याचं, मिरच्या-धण्यांचं वाटप म्हणजे वाटण अगदी बारीक, तेही बेताचंच. टोपात वाटप, हळद, मीठ, पाणी. कढ आला की बांगड्याचे तुकडे आणि सोलं. तिरफळं नुसती ठेचायची, वाटायची नाहीत, आणि आमटी उतरायच्या जरा आधी टाकायची. जुन्या बायका तिथे कांदा-लसूण घालू देत नाहीत, दोन्ही वास एकमेकांवर चढतात म्हणून. ताटात तिरफळ आलंच तर बाजूला काढायचं. चुकून चावलं तर जीभ थोडा वेळ बधिर होते, तेव्हा पहिल्यांदा खाणाऱ्यानं घाबरू नये. हे तिखलं दुसऱ्या दिवशी आणखी चांगलं लागतं. हॉटेलांना ही गोष्ट परवडणारी आहे, पण ती फार कमी ठिकाणी मिळते. का, ते पुढच्या भागात.

मग सगळीकडे "मालवणी" पाटी कशी?

घरच्या स्वयंपाकात वाटप दोन प्रकारचं. माशाला ओल्या खोबऱ्याचं, कोंबडी-मटणाला भाजलेल्या खोबऱ्या-कांद्याचं. हॉटेलात दोन वाटपं, त्यात माशागणिक वेगळं आंबट, एवढं करायला माणूसबळ लागतं. म्हणून सकाळी एक मोठं पातेलं लाल रश्श्याचं होतं आणि त्यातच दिवसभर कोळंबी, सुरमई, कोंबडी सगळं फिरतं. ज्या हॉटेलात सुरमई करी आणि चिकन करी यांचा रंग एक, दाटपणा एक, तिथं हेच चाललंय असं समजा. अलिबागच्या "मालवणी थाळी"तही बहुधा हाच रस्सा असतो. त्याला मालवणशी घेणंदेणं नाही आणि अलिबागशीही नाही.

पाटी मात्र मालवणचीच, याचं कारण मुंबईत आहे. गिरण्यांच्या दिवसांत सिंधुदुर्ग-रत्नागिरीतून माणसं गिरणगावात आली. कुटुंब गावाला, माणूस चाळीतल्या खोलीत, जेवण खानावळीत. या खानावळी बहुतेक बायका घरातच चालवत. त्यांना सावकाराऐवजी बँकेचं कर्ज मिळावं म्हणून 1975 साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, यावरून हा व्याप केवढा होता ते कळेल. 1982 च्या गिरणी कामगारांच्या संपानंतर गिरणगाव उतरणीला लागलं, पण मुंबईच्या जिभेला ती चव लागली होती. दक्षिण कोकणातलं सगळं जेवण शहरात "मालवणी" या एकाच नावानं ओळखलं जाऊ लागलं.

पुढे 1997 मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला, 1998 मध्ये कोकण रेल्वे पूर्ण धावायला लागली आणि मुंबई-पुण्याचा माणूस मालवणात जेवायला आला. तो मुंबईत खाल्लेलंच मागत होता: सुरमई, पापलेट, कोळंबी, कोंबडी-वडे, सोलकढी. गावानं त्याला ते दिलं. याला मी फसवणूक म्हणणार नाही. मागणी तशी पुरवठा. फक्त या व्यवहारात पेडव्यांचं सुकं, कुळथाचं पिठलं आणि खुब्यांची म्हणजे शिंपल्यांची एकशिपी थाळीबाहेर गेली.

"समुद्राकाठी तर मासा स्वस्त हवा!"

हा आक्षेप हमखास येतो. उत्तर लिलावात आहे. होडी लागली की टोपल्यांचा लिलाव होतो. दापोलीजवळ हर्णैला तर तो पुळणीवरच भरतो आणि बघायला पर्यटकांची गर्दी असते. तिथं बोली लावणाऱ्यांत गावातला हॉटेलवाला एकटा नसतो. मुंबईचा व्यापारी असतो, गोव्याचा असतो, घाटावरचा असतो, आणि चांगल्या मालावर निर्यातवाल्यांची नजर असते. बर्फ आणि ट्रक आल्यापासून मोठ्या सुरमईचा भाव मोठी शहरं ठरवतात. गावातल्याला वाहतूक वाचते, तेवढाच फायदा.

थाळीचा दर समजून घ्यायला सोनाराचं दुकान आठवा: आजचा भाव वेगळा, वर घडणावळ वेगळी. मेन्यूकार्डावर दराच्या जागी "साइजप्रमाणे" लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ हाच. मासा वजनावर आणि त्या दिवसाच्या भावावर, वर करणावळ.

आकडे घालून बघू. समजा, सुरमई आज किलोला 800 रुपये. डोकं, आतडी, शेपूट जाऊन तुकड्यांचा माल उरला 700 ग्रॅम. म्हणजे साफ सुरमई किलोला साधारण 1,140 रुपये पडली आणि 150 ग्रॅमची तुकडी 171 रुपयांना. भात, आमटी, सोलकढी, चपाती, तेल यांचे 50 धरले तर नुसता कच्चा माल 221. हॉटेलधंद्यातला ढोबळ नियम असा, की कच्चा माल विक्रीदराच्या एक तृतीयांशात बसला पाहिजे. बाकीच्यात गॅस, पगार, भाडं, वीज, टाकाऊ माल आणि नफा. या नियमानं थाळी 660 च्या घरात जाते. ती 450 ला लावायची असेल तर मालक नफा सोडेल, तुकडी पातळ करेल किंवा सुरमई बर्फातली आणेल. यातलं काय होतं हे तुम्ही ओळखालच.

आता बांगडा. समजा किलोला 240 आणि किलोत सहा. एक बांगडा 40 रुपये. तोच नियम, तेच ताट, थाळी 270 ला बसते आणि मासा बहुधा त्याच दिवसाचा असतो. मालवणजवळच्या एका खानावळीतला हा संवाद बघा.

"वहिनी, सुरमई ताजी आहे ना?"

"सुरमय बर्फातली आसा. बांगडो सकाळचो."

"नको, आम्ही मुद्दाम पुण्याहून आलोय. सुरमईच द्या."

वहिनींनी खरं सांगितलं होतं, आणखी काय करायला हवं होतं?

"गोव्यात मग स्वस्त कसं?"

सगळीकडे नाही. किनाऱ्यावरच्या शॅकवर बसलात तर मालवणच्या दीडपट बिल होईल. पण पणजी, म्हापसा, मडगावच्या साध्या खाणावळींत दुपारची फिश थाळी खरंच कमी पैशांत मिळते. माझ्या मते कारणं दोन.

तिथं दुपारी जेवायला येणारा स्थानिक असतो: दुकानदार, कारकून, बसचालक. तो रोज येतो, बाराही महिने येतो, म्हणून भाडं-पगाराचा बोजा जास्त ताटांवर वाटला जातो. मालवण, तारकर्ली, गुहागरला बरंचसं गिऱ्हाईक ऑक्टोबर ते मेमधलं, त्यातही शनिवार-रविवारचं. मधल्या वारी रिकाम्या टेबलांचा खर्च शनिवारच्या ताटावर चढतो.

दुसरं कारण बार. गोव्यात दारूवरचा कर महाराष्ट्राच्या मानानं कमी आणि जेवणाच्या जोडीला बार असणं सर्रास. बाटलीवर कमाई होत असेल तर थाळी कमी नफ्यावर विकता येते. सिंधुदुर्गातल्या घरगुती खानावळीला तो आधार नाही.

आणि गोव्यातला प्रत्येक मासा गोव्याच्या पाण्यातला असतो, हा समजही सोडायला हवा. 2018 च्या जुलैत, मासळी टिकवायला फॉर्मलिन हे रसायन वापरतात असा वाद पेटला तेव्हा गोवा सरकारनं परराज्यांतून येणारी मासळी काही दिवस बंद केली होती. तेव्हा बऱ्याच जणांना पहिल्यांदा कळलं, की बाजारातला किती माल ट्रकमधून येतो.

पावसाळ्यात येणाऱ्यांसाठी

पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिकी नौकांना मासेमारी बंद असते. माशांच्या विणीचा काळ आणि खवळलेला समुद्र, दोन्ही कारणं. पूर्व किनाऱ्यावर हीच बंदी 15 एप्रिल ते 14 जूनपर्यंत. म्हणजे जूनच्या मध्यावर तिकडचा समुद्र उघडतो आणि आपला बंद असतो. जुलैत धबधबे बघायला आलेल्या माणसाच्या ताटात सुरमई असेल, तर ती शीतगृहातली किंवा बंगालच्या उपसागरातली असण्याचीच शक्यता जास्त. त्याला हरकत नाही, पण "ताजी" म्हणून तिचे जास्त पैसे देऊ नयेत. या दिवसांत इथले लोक खाडीतलं, नदीतलं आणि सुकं खातात. सुक्या बांगड्याची किसमूर, सुकटीची चटणी, सोबत गरम पेज. घरगुती ठिकाणी राहिलात तर हे मागून बघा, सांगणारीलाही आनंद होतो.

पापलेटबद्दलही इथंच सांगतो. 2023 मध्ये महाराष्ट्रानं त्याला राज्यमासा ठरवलं. पालघरचं सातपाटी हे त्याचं नावाजलेलं बंदर, आणि तिथले मच्छीमारच सांगतात की लहान पिल्लं मारल्यानं माल घटला. ताटात तळहाताहूनही लहान पापलेट आलं तर ते स्वस्त मिळालं म्हणून खूश होऊ नका. त्या आकाराला ते पकडायलाच नको होतं.

"आम्ही मासे खात नाही, आमचं काय?"

मधल्या पट्ट्यात, म्हणजे दापोली, गुहागर, गणपतीपुळे भागात तुमची सोय उत्तम. आंबोळी, घावन, फणसाची भाजी, मार्च-एप्रिलमध्ये ओल्या काजूची उसळ, उकडीचे मोदक. अट एकच: पनीर मागू नका. भाजीपाला बराचसा कोल्हापूर-बेळगावहून घाट उतरून येतो, पनीरचीही तीच गत. याच पट्ट्यातलं, पण शाकाहाराबाहेरचं एक सांगतो: बाणकोटपासून रत्नागिरीपर्यंतच्या कोकणी मुसलमान घरांतलं जेवण, सांदण आणि नारळाच्या रसातल्या कालवणांसकट, हॉटेलांत जवळजवळ दिसतच नाही. माझ्या दृष्टीनं किनाऱ्यावरची ही मोठी उणीव आहे. कोणी मनावर घेतलं तर धंदाही होईल.

मागवताना

मेन्यूकार्ड बाजूला ठेवून "आज काय आलंय?" असं विचारा. एवढ्या प्रश्नावरून आतल्याला कळतं की हे गिऱ्हाईक फक्त सुरमईवालं नाही. दक्षिणेत उकडा तांदूळ आहे का विचारा. गावातले तोच खातात, पर्यटकाला मात्र विचारल्याशिवाय पांढरा भात येतो. कालवण कशाचं आंबट ते विचारा. उत्तर लगेच आलं तर स्वयंपाक तिथंच होतो, आत जाऊन विचारून यावं लागलं तर पातेलं एकच असण्याची शक्यता. सोलकढी दुपारीच प्या, नारळाचं दूध संध्याकाळपर्यंत बिघडायला लागतं. आणि तिचा गुलाबी रंग फार भडक असेल तर मी ती टाळतो.

वारही बघून जा. बुधवार, शुक्रवार, रविवार हे गावातल्या लोकांचे मासे खायचे वार. त्या दिवशी बाजारात गर्दी आणि हॉटेलात वर्दळ, पण माल खपतो म्हणून ताजा. सोमवारी बऱ्याच घरांत मासे शिजत नाहीत, संकष्टीला आणि श्रावणात तर नाहीच. लहान खानावळी त्या दिवशी बंद असतात किंवा शाकाहारी थाळी देतात. सोमवारी कोणी पाच प्रकारचे मासे समोर मांडत असेल, तर ते रविवारी आणलेले आहेत का एवढं विचारून मगच बसा.